डायरीत न लिहिलेले दोन दिवस

निवृत्त झाल्यापासून लोक मला खून-दरोड्यांबद्दल विचारतात. बनशंकरीच्या बागेत सकाळी फिरायला येणारी आमची चार माणसं तर रोज म्हणतात, "काय ओ, एखादी भारी केस सांगा की." मी सांगतो एखादी. पण जी घटना इतक्या वर्षांनी आजही सकाळी आठ वाजले की हटकून आठवते, ती त्यांना कधी सांगितलेली नाही. तिच्यात खून नाही, दरोडा नाही, आणि शेवटी बघितलं तर चोरीसुद्धा नव्हती.

हे लिहितानाही थोडी धास्ती वाटते. पेन्शनवर जगणारा माणूस आहे मी. म्हणून कुणाचं नाव, ठाण्याचं नाव, साल, यातलं काहीच लिहीत नाही.

मी मूळचा खानापूरकडच्या एका खेड्यातला. वडील गेले आणि सातवीनंतर शाळा सुटली. कौलांच्या कारखान्यात कामाला लागलो. पोलीस भरतीत उंची आणि छाती बघून घेतलं. त्या काळी सातवी पास चालत होता. बेंगळुरूला आलो तेव्हा कन्नड बोलता यायचं, पण आमच्याकडचं, त्याला इथले हसायचे. लिहिता तर अजिबात येत नव्हतं. एका म्हाताऱ्या हेड कॉन्स्टेबलनं रोज दुपारी जुने जबाब पुढ्यात टाकून माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली. त्याच्या पुण्याईनं मी पुढं ठाण्याचा रायटर झालो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. सातवी शिकलेल्या माणसाला खात्यानं राहायला क्वार्टर दिलं, मुलीचं शिक्षण केलं, चार लोकांत मान दिला. हे उपकार मी विसरलेलो नाही. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात या उपकारांचाही हात आहे.

रायटर म्हणजे ठाण्यातली सगळी लिखापढी बघणारा. फिर्याद, जबाब आणि रोजची डायरी. ठाण्यात कोण आलं, कुणाला कधी आणलं, कधी सोडलं, हे डायरीत आलं तर घडलं. आलं नाही तर कागदावर घडलंच नाही.

तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. एका मंगळवारी सकाळी दक्षिण बेंगळुरूतल्या आमच्या हद्दीतून चोरीची फिर्याद आली. फिर्यादी सत्तरीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. नातीचा साखरपुडा ठरला म्हणून घर रंगवायला काढलं होतं. कपाट हलवायच्या आधी त्यांनी ते उघडून बघितलं, तर सासूच्या चार सोन्याच्या पाटल्या गायब.

मी त्यांच्या दारात उभं राहून कन्नडमध्ये नाव विचारलं. त्यांनी आडनाव सांगितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मराठी का तुम्ही? बोलण्यावरून वाटलं. स्वल्प आत या, अण्णा. आमची माणसं चारशे वर्षांखाली आली या गावात, तरी घरात अजून मराठीच."

मला फार बरं वाटलं. तीस वर्षं परक्या भाषेत नोकरी केलेल्या माणसाला फिर्याद मराठीत ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं. त्यांनी ताक दिलं. मी त्यांना अक्का म्हणायला लागलो. त्या दिवसापासून त्या आपल्या आणि बाकीचे परके असं माझ्या मनात कुठंतरी ठरून गेलं. हे तेव्हा समजलं नाही.

कपाटाचं कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली साड्यांच्या घडीखाली, नेहमीच्या जागी. म्हणजे घरात वावरणारा माणूस. घरात आठवडाभर चार पेंटर वावरत होते. त्यांच्या मेस्त्रीला बोलावलं.

"तिघं इथलेच आहेत सर, दहा वर्षांपासून माझ्याकडं," मेस्त्री म्हणाला. "चौथा कामाला एक नंबर. पण दर महिन्याला दोन दिवस गायब असतो, मागचे दोन महिनेच काय तो गेला नाही. कुठं जातो, सांगत नाही. आजपण दुपारी निघणार म्हणालाय."

दर महिन्याला दोन दिवस. एवढं ऐकल्यावर कुठल्याही पोलिसाच्या डोक्यात जे येतं तेच आमच्या डोक्यात आलं. मागं दुसऱ्या एका घरात रंगकाम चालू असताना सोनं गेलं होतं, ते अजून सापडलं नव्हतं. धागा जुळला असं वाटलं. पेंटर लोक जिथं चहा प्यायचे त्या बेकरीवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तीनच्या सुमाराला त्याचा मला फोन आला. "सर, तुमचा माणूस बॅग घेऊन बसस्टॉपवर उभा आहे. होसूर साइडला." होसूर म्हणजे हद्दीपलीकडचं, तमिळनाडूतलं गाव.

आम्ही त्याला बस येण्याआधी उचललं. पस्तिशी ओलांडलेला, काटकुळा, नखांत पांढरा रंग. पळायचा प्रयत्न केला नाही. बॅगेत दोन शर्ट, गुडघ्याला चोळायचं तेल आणि एक नवीकोरी कंपासपेटी. सोनं नाही.

ठाण्यात साहेबांनी, म्हणजे आमच्या इन्स्पेक्टरनी, स्वतः विचारायला सुरुवात केली.

"गाव?"

"होसूर, सर."

"होसूरात कुठं?"

आमच्यातला एक कॉन्स्टेबल होसूरचाच होता. त्यानं दोन गल्ल्यांची नावं घेतली, याला एकही माहीत नव्हती. मग दोन कानाखाली बसल्या. मी नाही मारल्या, पण मी तिथंच उभा होतो. तो रडला नाही. एकच गोष्ट परत परत म्हणत राहिला, "सर, मला उद्या संध्याकाळी पाचच्या बसला सोडा. शुक्रवारी सकाळी इथं येऊन उभा राहतो. मोबाइल ठेवून घ्या. मग काय पाहिजे ते करा."

"माल विकून येतो म्हणतोय," कॉन्स्टेबल म्हणाला, आणि सगळे हसले.

त्याला लॉकअपमध्ये टाकलं नाही. टाकलं की लिहावं लागतं, आणि लिहिलं की चोवीस तासांत कोर्टात उभं करावं लागतं. हातात पुरावा नसताना ते कुणी करत नाही. त्याला माझ्या खोलीसमोरच्या लाकडी बाकावर बसवलं. चौकशीसाठी. डायरीत मी काही लिहिलं नाही. असं मी पूर्वीही पन्नासदा केलं असेल.

बुधवारी सकाळी आठ वाजता नेहमीप्रमाणं हजेरी झाली. ठाण्याच्या व्हरांड्यात सगळे रांगेत उभे राहतात, रायटर नावं वाचतो, ड्यूट्या सांगतो. मी पहिलं नाव घेतलं आणि बाकावरचा माणूस उठून उभा राहिला.

हात मांडीला चिकटलेले. मान ताठ, नजर जमिनीवर. मी दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं, तो तसाच उभा.

"सर, ह्याचंपण नाव घ्या," रांगेतला एक जण म्हणाला. "सिग्नलवर उभा करू आज."

"बस रे, तुझी नाही हजेरी," दुसरा ओरडला.

तो बसला नाही. बहुतेक त्याला ऐकूच गेलं नसावं. शेवटचं नाव होऊन मी वही मिटली तेव्हा तो आपोआप खाली बसला. आणि मग आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं घाबरून माझ्याकडं बघितलं.

हे मी एकदा पाहिलेलं होतं. फार वर्षांपूर्वी निवडणुकीच्या बंदोबस्ताला आम्हाला तमिळनाडूत पाठवलं होतं. आमच्या मुक्कामाजवळ श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांचा कॅम्प होता. एका सकाळी तिथं सरकारी माणूस वही घेऊन आला आणि सगळा कॅम्प घरांतून बाहेर निघाला. म्हातारे, बाळंतिणी, ताप आलेले, सगळे. प्रत्येक कुटुंब आपापल्या दारासमोर, हातात कार्ड धरून, आणि नाव वाचून होईपर्यंत कुणी हलायचं नाही. लहान पोरंसुद्धा असेच हात चिकटवून उभी होती. मी आमच्या हवालदाराला म्हटलं होतं, "आपल्यापेक्षा यांची परेड चांगली आहे."

मी त्याला चहा घेऊन मागच्या अंगणात नेलं, जिथं जप्त केलेल्या मोटरसायकली गंजत पडलेल्या असतात. तीस वर्षांत तमिळ कामापुरतं यायला लागलं होतं.

"कुठला कॅम्प?" मी विचारलं.

मागं कुणी उभं नाही ना, हे त्यानं वळून बघितलं. मग म्हणाला, "सर, बाकीच्या पेंटरांना माहीत नाही. मेस्त्रीलाही नाही."

"मी कुणाला सांगत नाही. बोल."

तो पाच वर्षांचा असताना आईबरोबर होडीतून आला होता. गावात बॉम्ब पडत होते. आई म्हणाली होती, दोन महिन्यांत परत जाऊ. त्याला तीस वर्षं होऊन गेली. लग्न कॅम्पात झालं, मुलगी कॅम्पात झाली. कॅम्पातले निम्मे बापे पेंटरच आहेत, कारण रंगाच्या कामावर कुणी कागद मागत नाही. परवानगी न घेता राज्याबाहेर आला होता, म्हणून खोटं गाव सांगितलं.

"दर महिन्याला हजेरी असते, सर. काम मिळालं म्हणून मागच्या दोन चुकल्या. तिथला माणूस म्हणाला, तिसरी चुकली की नाव काढणार. उद्या सकाळी दहाला आहे."

"नाव काढलं तर काय होतं? परत घालतील."

"सर, माझा जन्माचा दाखला तिकडं घरासोबत जळला. मी त्या देशाचा आहे असं लिहिलेला कागद नाही. ह्या देशाचा तर नाहीच. माझं नाव फक्त त्या एका वहीत आहे. तिथून गेलं की मी कुणीच नाही. चोरून आलेला माणूस. कधीही उचलून आत टाकतील, आणि आतून सोडायचं कुठं हे त्यांनाही कळणार नाही."

"मग तिकडं परत का जात नाहीस? आता लढाई संपली म्हणतात."

"तिकडं मला ओळखणारं कोण आहे?"

त्यानं चहा संपवला, ग्लास धुऊन माझ्या हातात दिला. मी अशा किती लोकांना चहा दिला असेल. ग्लास धुऊन देणारा हा पहिला.

मी साहेबांकडं गेलो. कॅम्पाचं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर परदेशी माणसाचं वेगळं कलम लागलं असतं आणि तो कायमचा अडकला असता. एवढंच म्हणालो, "साहेब, चोर हा वाटत नाही. आज संध्याकाळी सोडू या. शुक्रवारी येतो म्हणतोय."

"कशावरून?"

"अनुभवावरून, साहेब."

साहेब वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून फोन होते. बाईंचा एक भाचा मोठ्या हुद्द्यावर होता. ते म्हणाले, "सोडा की. एका कागदावर लिहून द्या, माझ्या जबाबदारीवर सोडतोय म्हणून, आणि सही करा. पळाला तर चौकशी तुमची. तीन वर्षं राहिलीत तुमची, पेन्शन अडकली तर मला बोलू नका."

त्यांनी कागद पुढं सरकवला. मी पेनचं टोपण काढलं होतं. ते परत लावलं.

बाहेर येऊन मी दुसरा रस्ता धरला. पाटल्या पाचच्या आत सापडल्या तर प्रश्नच मिटत होता. मी त्याला विचारलं, "आठवडाभर त्या घरात होतास. काय काय हललं, कोण आलं, सगळं सांग."

त्यानं खोलीवार सगळं सांगितलं. मग म्हणाला, "एक वस्तू आम्ही हलवली नाही. देवांची पेटी. पहिल्या दिवशी अम्मांनी स्वतः रिक्षात नेली. मी शिडीवर होतो. त्या पेटी घेऊन निघाल्या, दारातून परत आल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग एक लाल कापडाची पुरचुंडी पेटीत ठेवून परत गेल्या."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल कुणी हे विचारलं नाही. आणि म्हाताऱ्या बाईवर कसं बोट दाखवू, सर? रोज दुपारी आम्हाला ताक द्यायच्या."

मी तडक अक्कांच्या घरी गेलो. बारा वाजत होते. रंगकाम अर्धवट राहिलेलं, हॉलची एक भिंत पिवळी, एक जुनी निळी. मी पुरचुंडीचं विचारलं.

"लाल कापडात आमचे टाक असतात, अण्णा. कुळस्वामीचे," त्या म्हणाल्या. "घरात रंगाचा वास, परक्या माणसांचा वावर, म्हणून देव जाऊबाईंकडं ठेवलेत, बसवनगुडीला. घर झालं की परत आणायचे."

"त्यातच पाटल्या ठेवल्या असतील का? घाईत?"

त्यांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "मी ठेवीन आणि विसरीन? एवढी आठवण गेलेली नाही माझी. त्या पेंटरानं सांगितलं ना हे?"

"अक्का, एकदा बघू या. मी येतो बरोबर."

"देव दुसऱ्याच्या घरी पाहुणे आहेत, आणि तिथं पोलीस घेऊन जाऊन टाक उचकायचे? आमच्यात टाक पौर्णिमेशिवाय उघडत नाहीत. उद्याच आहे की पौर्णिमा. जाऊबाई चिंचेनं उजळायला घेतील, तेव्हा दिसेलच असलं तर. एका दिवसात काय होतंय, अण्णा?"

एका दिवसात काय होणार होतं, ते मला माहीत होतं. ते सांगायचं तर कॅम्प सांगावा लागला असता, आणि त्यांचा भाचा वर होता. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. मला त्यांचं मन दुखवायचं नव्हतं. त्या माझ्याशी माझ्या भाषेत बोलल्या होत्या, मला घरात बसवून ताक दिलं होतं. दुसरं कुणी असतं तर मी सरळ बसवनगुडीला जाऊन पेटी उघडायला लावली असती.

"सरी, अक्का. ठीक आहे," मी म्हणालो, आणि उठलो.

ठाण्यात परतलो तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मान खाली घातली. पाच वाजता मात्र म्हणाला, "किती वाजले, सर?" घड्याळ त्याच्या समोरच्याच भिंतीवर होतं. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय: बाकावरचा गुन्हेगार विचारतो, किती दिवस ठेवणार. किती वाजले असं विचारणाऱ्याला कुठंतरी पोचायचं असतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तो बाकावर ताठ बसला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "आईचं नाव, मग माझं, मग बायकोचं, मग मुलीचं. ह्याच क्रमानं वाचतात."

साडेअकराला अक्कांचा फोन आला. जाऊबाईंनी टाक उजळायला घेतले आणि कापडाच्या आतल्या घडीत चारही पाटल्या निघाल्या.

दुपारी त्या स्वतः ठाण्यात आल्या, फिर्याद मागं घ्यायला. पेढ्यांचा डबा आणला होता. साहेबांना दिला, मला दिला, मग बाकाजवळ जाऊन पेंटरलाही दिला. "चुकलं रे माझं, म्हातारपण," त्या त्याला कन्नडमध्ये म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, त्यात खोट नव्हती. "उरलेली भिंत कधी करतोस? साखरपुडा जवळ आलाय."

त्यानं दोन्ही हातांत पेढा घेतला आणि थँक्स म्हणाला.

त्या गेल्यावर तो साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला. "सर, एक चिठ्ठी द्या. मंगळवार ते गुरुवार मी इथं होतो, एवढीच. दुसरं काही नको."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "कसली चिठ्ठी? कुणाला अटक झाली होती का? रायटर, डायरीत आहे काही?"

डायरी माझ्या हातात होती. माझ्याच अक्षरात लिहिलेली, त्या म्हाताऱ्या हेड कॉन्स्टेबलनं वळण लावलेल्या अक्षरात.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

मी त्याला बसस्टॉपवर सोडलं. बसमध्ये चढताना तो वळून म्हणाला, "तुम्ही चहा दिलात, सर." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसलं असतं.

दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन आला. नाव काढलं होतं. परत घालायला अर्ज केला, तर वरचा अधिकारी म्हणाला, पोलिसांनी ठेवलं होतं म्हणतोस तर पोलिसांचा कागद आण. मी म्हणालो, "बघतो." महिन्यानं परत फोन. मी म्हणालो, "साहेबांची बदली होऊ दे, मग बघतो." बदली झाली. नवीन साहेबांना जुनं प्रकरण सांगायचं म्हणजे आपण डायरी कोरी ठेवली हे कबूल करायचं. मी बघतच राहिलो. मेस्त्रीनंही त्याला परत कामावर घेतलं नव्हतं. "चोर नसेल सर, पण ठाण्यात जाऊन आलेला माणूस लोक घरात घेत नाहीत," तो मला म्हणाला. पुढं फोन येणं बंद झालं. मी लावला तर लागेना.

निवृत्त झालो. पेन्शनचा आदेश हातात पडला, पैसे नियमित जमा व्हायला लागले. तेव्हा कुठं मला धीर आला. धीर कसला, आता अडकवण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं एवढंच. नोटरीकडं जाऊन मी प्रतिज्ञापत्र केलं: अमुक इसमाला आम्ही मंगळवार ते गुरुवार ठाण्यात बसवून ठेवलं होतं, त्याच्यावर गुन्हा नव्हता, नोंद न करण्याची चूक माझी. ते घेऊन मी त्याच्या कॅम्पात गेलो.

पोचलो तेव्हा नेमकी हजेरी चालू होती. लोखंडी टेबलामागं कारकून वही घेऊन बसलेला. माणसं दारांसमोर उभी. मी कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं नीट वाचला. चांगला माणूस होता.

"साहेब, ह्यावर ठाण्याचा शिक्का नाही, हे तुमचं स्वतःचं आहे. तरी फायलीला लावतो. वर पाठवतो, होईलही काम. पण ओळख पटवायला माणूस हजर लागेल. माणूस कुठाय?"

माणूस नव्हता. दीड वर्षापूर्वी काही जणांबरोबर किनाऱ्यावरून होडीत बसला होता, कुठल्यातरी लांबच्या देशाला जायला, जिथं नव्यानं नाव लिहून घेतात असं कुणी त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर काही कळलं नाही. होडी पोचल्याचं नाही, बुडाल्याचंही नाही.

हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. दहा बाय दहाची खोली. एकच खुर्ची होती, ती मला दिली. शेजारच्या दारात नारळाचं मोठं झाड होतं. यांच्या दारात नव्हतं. त्याच्या आईनं, म्हातारीनं, लावू दिलं नाही म्हणे. फळ धरेपर्यंत आपण इथं कुठं असणार, असं ती पहिल्या वर्षी म्हणाली होती. मी कोण ते सांगितल्यावर बायको म्हणाली, "ते सांगायचे, एक पोलीस चांगला होता."

माझ्या आयुष्यात मला इतकं कुणी मारलेलं नाही.

तेवढ्यात त्यांच्या दाराची पाळी आली. तिघी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. कारकुनानं म्हातारीचं नाव वाचलं, ती हजर म्हणाली. मग सुनेचं, मग नातीचं. नातीचं झाल्यावर कारकून पुढच्या दाराकडं वळला, तशी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आणि माझा मुलगा?"

कारकून थांबला. वही न बघता त्यानं मुलाचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाला, "यादीत नाही, अम्मा."

"सरी," म्हातारी म्हणाली आणि आत आली.

सून मला म्हणाली, दर महिन्याला असंच विचारतात. कारकून कंटाळत नाही हेच नशीब. मी म्हातारीला विचारलं, उत्तर माहीत असताना कशाला विचारता, आजी? ती म्हणाली, "नाही म्हणायला तरी त्याला माझ्या पोराचं नाव घ्यावं लागतं."

या केसनं मला काय शिकवलं, हे लिहायचं म्हणून हा सगळा खटाटोप. नात्यातली, गावाकडची पोरं आता खात्यात भरती होतात, पाया पडायला येतात. त्यांना मी एकच सांगतो. कुणाला बाकावर बसवलं तर आधी डायरी उघडा आणि त्याचं नाव लिहा. वेळ लिहा. मग काय विचारायचं ते विचारा. लोक कोठडीला भितात, पण कोठडीतल्या माणसाचा कुठंतरी कागद असतो. बाकावरच्या माणसाचा नसतो. पोरं मान डोलवतात. त्यांना वाटतं म्हातारा लिखापढीचं सांगतोय.

आणि लिहून संपत आल्यावर लक्षात येतं, की एवढं सगळं लिहूनही त्याचं नाव मी याही कागदावर घातलेलं नाही. त्याच्या घरच्या तिघी अजून तिथंच आहेत, त्यांना त्रास नको, हे खरं आहे. मला अजून भीती वाटते, हेही खरं आहे. नाव मला पाठ आहे. सकाळी आठ वाजता, अजून सवय गेली नाही म्हणून, जुन्या ठाण्यातली नावं मनातल्या मनात वाचतो. शेवटचं नाव त्याचं असतं. तिथं थांबतो. हजर म्हणणारं कुणी नसतं.